स्टेंटनंतरच्या गोळ्या आणि गॅसची गोळी: कोणती चालते, कोणती नाही, घरी कसं तपासायचं

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून रुग्ण नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यातून किंवा 'सुपर' म्हणजे सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर साधारण ठरलेल्या गोळ्या असतात. ॲस्पिरिन, तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, कोलेस्टेरॉलची एक, बीपीची एखाद-दुसरी आणि पोटाची एक. ही पोटाची गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी विचार करूनच लिहिलेली असते. घोळ होतो तो पुढे. महिना-दोन महिन्यांनी पोटात आग पडायला लागते, मोहल्ल्यातले डॉक्टर वेगळी गॅसची गोळी देतात, नाहीतर घरातलंच कुणी कपाटातली जुनी पट्टी काढून देतं. ती ओमेप्राझोलची निघाली आणि रुग्ण क्लोपिडोग्रेलवर असला, तर हृदयाच्या गोळीचा जोर कमी होतो. बाहेरून काहीच कळत नाही. पोट मात्र थंड झालेलं असतं, त्यामुळे घरचे समाधानी असतात.

मी औषधांच्या काउंटरवर उभा राहतो. ही जोडी हातात आलेली मी वारंवार पाहतो, आणि बहुतेक वेळा ती एका चिठ्ठीतून आलेली नसते, दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांतून आलेली असते. म्हणून हे घरी कसं तपासायचं ते इथे सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो: हे वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसल्यावर प्लेटलेटची गोळी (रक्त गोठवणाऱ्या पेशींना शांत ठेवणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी) अचानक सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. तो धोका गॅसच्या गोळीच्या टकरीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

टक्कर नेमकी कुठे होते

क्लोपिडोग्रेल गिळली तेव्हा ती तयार औषध नसते. यकृतातली एन्झाइम तिला दोन टप्प्यांत बदलतात आणि मग तिचं काम करणारं रूप तयार होतं. गोळीचा साधारण ८५ टक्के भाग वाटेतच निकामी होतो, उरलेल्या थोड्याशा भागावर सगळी भिस्त असते. या बदलात 'सीवायपी २सी१९' नावाच्या एन्झाइमचा वाटा मोठा आहे, आणि ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतात. मग रुग्ण रोज नेमाने क्लोपिडोग्रेल घेतो, पण तिचं कामाचं रूप रक्तात कमी बनतं आणि प्लेटलेट जितक्या शांत राहायला हव्यात तितक्या राहत नाहीत. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असण्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. ज्यांचं आधीच मंद आहे, त्यांच्या बाबतीत आणखी अडथळा नको.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल टाळा असा इशारा दिला. युरोपच्या संस्थेने आधी सगळ्याच 'प्राझोल' गोळ्यांबद्दल सावध केलं होतं, पण २०१० मध्ये तो इशारा ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल या दोघांपुरता ठेवला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१० मध्येच 'कोजेंट' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या ३,७६१ रुग्णांपैकी निम्म्यांना ओमेप्राझोल दिलं, निम्म्यांना नाही. पोटातला रक्तस्राव आणि अल्सरसारखे त्रास ओमेप्राझोलच्या गटात १.१ टक्के झाले, दुसऱ्या गटात २.९ टक्के. हृदयाचे त्रास ४.९ आणि ५.७ टक्के, म्हणजे लक्षणीय फरक दिसला नाही. पण ही चाचणी पैशाअभावी मध्येच थांबली, त्यामुळे धोका नाहीच असं तिच्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझं मत साधं आहे. पोटाला संरक्षण लागतंच, हे त्या चाचणीने दाखवून दिलं. आणि तेच संरक्षण पँटोप्राझोलने मिळत असताना ओमेप्राझोलचा हट्ट धरायचं कारण उरत नाही. ज्यांनी काही दिवस ओमेप्राझोल घेतलं असेल त्यांनी घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना सांगावं आणि गोळी बदलून घ्यावी, एवढंच.

पायरी पहिली: सगळ्या पट्ट्या एका ताटात काढा

'सगळ्या' म्हणजे फ्रिजवरच्या डब्यातल्या, उशाखालच्या, पर्समधल्या, आणि "हे तर कधीमधीच घेतो" म्हणून बाजूला ठेवलेल्यासुद्धा. रोजच्या गोळ्या सगळ्यांना आठवतात. 'कधीमधी'ची गोळी कुणी डॉक्टरांना सांगत नाही, आणि टक्कर बहुतेक वेळा तिचीच असते.

आता पट्टी उलटी करा. पुढे ठळक अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आपल्याला हवं आहे मागचं बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव. इथे एक व्यावहारिक अडचण येते. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून घेतल्या की औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पुष्कळदा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जातात. तुमच्या हातात येतो तो चांदीचा कोरा कागद. शिवाय गोळ्या दाबून काढता काढता मागचा कागद फाटतो आणि नावाची मधलीच चार अक्षरं उरतात. म्हणून दोन सवयी लावा. हृदयाची आणि पोटाची गोळी नेहमी पूर्ण पट्टी घ्या. आणि पहिल्या गोळीला हात लावण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जनऔषधी केंद्रातल्या गोळ्यांवर थेट औषधाचंच नाव असतं, तिथे हे काम सोपं होतं.

हा ताट मांडलेला आहेच तर ॲस्पिरिनची पट्टी हुंगून पाहा. ॲस्पिरिनला ऊन आणि ओल सोसत नाही, खराब झाली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जातो तेव्हा स्कूटीच्या डिकीत किंवा गाडीत ठेवलेल्या गोळ्या वापरू नका.

पायरी दुसरी: प्लेटलेटची गोळी ओळखा

घरोघरी हिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. तुमच्या पट्टीवर चारपैकी काय लिहिलंय ते बघा.

ॲस्पिरिन, म्हणजे इकोस्प्रिन वगैरे, बहुतेकांना ७५ किंवा १५० मिलिग्रॅम असते. ओमेप्राझोलशी वरच्या प्रकारची टक्कर हिची होत नाही. मात्र पोटाचं अस्तर दुखावणारी हीच.

क्लोपिडोग्रेल, ७५ मिलिग्रॅम: क्लोपिलेट, डेप्लॅट, क्लोपिटॅब, क्लॅव्हिक्स अशा नावांनी मिळते. टक्कर हिची. पुष्कळदा ही एकटी नसते. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मिळून एकाच कॅप्सूलमध्ये असते, आणि रुग्ण "मी तर कोलेस्टेरॉलची घेतो" असं सांगतो. नावापुढे 'ए', 'सीव्ही', 'गोल्ड' असं काही असेल तर मागची यादी पूर्ण वाचा. इकोस्प्रिन एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन असतं, क्लोपिडोग्रेल नसतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये तिन्ही असतात. एका शब्दाचा फरक, पण पोटाची गोळी निवडताना तोच निर्णायक.

प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर: या दोघी सीवायपी २सी१९ वर अवलंबून नाहीत, त्यामुळे ओमेप्राझोलने त्यांच्या कामात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. टिकाग्रेलॉरची वेगळी भानगड आहे, ती पुढे सांगतो.

वॉरफेरिन, ॲसिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन यांपैकी काही चालू असेल तर ती वेगळ्या जातीची औषधं आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे. ॲस्पिरिनबरोबर त्यातली एखादी असेल तर पोटाचं संरक्षण आणखीच गरजेचं.

पायरी तिसरी: गॅसची गोळी ओळखा

नावाच्या शेवटी 'प्राझोल' आलं की ती ॲसिड बनवणारा पंप बंद करणारी गोळी.

ओमेप्राझोल, म्हणजे ओमेझ आणि तिच्या बहिणी, आणि एसोमेप्राझोल, म्हणजे नेक्सप्रो वगैरे: क्लोपिडोग्रेल चालू असेल तर या दोन नकोत.

पँटोप्राझोल, पॅन ४० वगैरे: त्या एन्झाइमला हिचा अडथळा बराच कमी. क्लोपिडोग्रेलवर असलेल्यांना साधारणपणे हीच दिली जाते, आणि चिठ्ठीत ही असेल तर निश्चिंतपणे घ्या. लॅन्सोप्राझोल आणि डेक्सलॅन्सोप्राझोल यांचा परिणामही ओमेप्राझोलपेक्षा कमी. रॅबेप्राझोल, म्हणजे राझो किंवा रॅब्लेट, आपल्याकडे खूप चालते. तिचा अडथळाही सौम्य असतो, पण ती चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

अलीकडे व्होनोप्राझन नावाची नवी गोळी दुकानांत आली आहे. शेवट 'प्राझोल' नसून 'प्राझन' आहे, हे नीट वाचा. ॲसिड ती जोरात दाबते, पण क्लोपिडोग्रेलचं कामाचं रूप कमी होऊ शकतं असा इशारा तिच्या माहितीपत्रकात आहे. "नवीन आहे, भारी आहे" म्हणून शेजाऱ्याची घेऊ नका.

'टिडीन'ने संपणाऱ्या गोळ्यांचा गट वेगळा. फॅमोटिडीनची क्लोपिडोग्रेलशी टक्कर नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि रक्तस्राव रोखण्यात ती 'प्राझोल' गोळ्यांइतकी दमदार नाही. सिमेटिडीन आता क्वचितच दिसते, पण ती त्याच एन्झाइमला अडवते, म्हणून टाळा. रॅनिटिडीन अजून कित्येक घरांत पडून आहे. तिच्यात एनडीएमए नावाचा कर्कजनक घटक सापडत असल्यामुळे अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतून ती २०२२ मध्ये वगळली गेली. जुनी पट्टी असेल तर टाकून द्या.

डायजिन, जेलुसिलसारखी पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या त्या एन्झाइमच्या वाटेला जात नाहीत. पण आवरण असलेली ॲस्पिरिन आतड्यात विरघळावी म्हणून बनवलेली असते. तिच्यासोबतच अँटासिड प्यालात तर आवरण पोटातच विरघळू शकतं. दोन तासांचं अंतर ठेवा. इनोमध्ये सोडियम भरपूर असतं, त्यामुळे बीपी किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांनी ते रोजचं करू नये. ज्येष्ठमधाच्या काढ्याचंही तसंच. फार दिवस घेतला तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

शेवटचं अक्षर 'डी' असेल तर थांबा

यावर मी काउंटरवर सर्वांत जास्त बोलतो. पॅन घ्यायला सांगितलेलं असतं आणि घरचे 'पॅन डी' मागतात. "तीच तर आहे, जरा जास्त पॉवरची," असा समज असतो. ती जास्त पॉवरची नाही. त्यात डॉमपेरिडोन नावाचं दुसरं औषध आहे, मळमळ थांबवणारं. एका कॅप्सूलमध्ये ते बहुधा ३० मिलिग्रॅम असतं, हळूहळू सुटणारं. डॉमपेरिडोनने हृदयाच्या ठोक्यामागच्या विद्युत क्रियेला लागणारा वेळ लांबू शकतो आणि ठोके बिघडू शकतात. २०१४ मध्ये युरोपच्या संस्थेने त्याचा वापर थोड्या दिवसांपुरता आणि कमी डोसवर आणला. हार्ट फेल्युअर किंवा ठोक्यांचा विकार असलेल्यांना ते देऊ नये असं सांगितलं. साठीच्या पुढच्या माणसांत धोका अधिक.

एक काका अनेक महिन्यांपासून तीच मागत होते. "सकाळी एक, रात्री एक घेऊन राहिलो ना भाऊ, काही त्रास नाही." चिठ्ठी काढायला लावली. त्यावर साधी पॅन होती, 'डी' कुणी लिहिलीच नव्हती, पहिल्यांदा आणणाऱ्याने तेवढं अक्षर जास्त सांगितलं होतं आणि पुढे रिकामी पट्टी दाखवून तीच येत राहिली. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी बदलली. तुमच्या घरी 'डी' येत असेल तर चिठ्ठीवर ती खरोखर आहे का हे आजच पडताळून पाहा.

पायरी चौथी: वेळ ठरवा, पण वेळेवर विसंबू नका

"मग ओमेप्राझोल सकाळी आणि क्लोपिडोग्रेल रात्री घेतो, झालं," हा उपाय बरेच जण सुचवतात. तो चालत नाही. ओमेप्राझोल रक्तातून लवकर निघून जातं, पण अडवलेलं एन्झाइम लगेच मोकळं होत नाही. बारा तासांचं अंतर ठेवूनही टक्कर टळत नाही, आणि एफडीएनेही हे स्पष्ट सांगितलं आहे. गोळीच बदलावी लागते.

बाकी वेळांचं गणित सोपं. पँटोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्यासोबत. तर्री पोहे खाऊन झाल्यावर घेतली तर अर्धं काम वाया. ॲस्पिरिन जेवणानंतर. क्लोपिडोग्रेल जेवणाआधी किंवा नंतर, पण रोज एकाच वेळी. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते, तिची रात्रीची गोळी चुकवू नका. उपासाच्या दिवशीही गोळ्या चुकवायच्या नाहीत.

संत्र्याबद्दल हमखास विचारतात. काही औषधांबाबत धोक्याचं ठरतं ते ग्रेपफ्रूट. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, ते खुशाल खा. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या जवळचं नातलग आहे, ते टाळलेलं बरं.

पायरी पाचवी: पोट का जळतंय ते शोधा

गॅसची गोळी वाढवण्याआधी हे करा. पहिला संशयित म्हणजे अंगदुखीची गोळी. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, डोक्यासाठी आयबुप्रोफेन असलेली कॉम्बिफ्लॅम. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर असताना यांनी पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता खूप वाढते. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामाच्या जागीच जाऊन बसतं आणि ॲस्पिरिनला प्लेटलेटपर्यंत पोहोचू देत नाही. दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल विचारा. तंबाखू, खर्रा, दारू आणि रात्री उशिराचा सावजी रस्सा यांचा हिशेबही याच वेळी लावा. खर्रा चालू ठेवून पँटोप्राझोल दुप्पट करण्यात काही अर्थ नाही.

वारंवार अल्सर होत असेल तर एच पायलोरी या जंतूची तपासणी करतात. तो सापडला तर दोन आठवड्यांचा किट मिळतो, आणि इथे अनेकांची गफलत होते. किटमध्ये बहुधा एक 'प्राझोल' आणि दोन अँटिबायोटिक असतात, त्यातलं एक क्लॅरिथ्रोमायसिन. 'प्राझोल' कोणतं आहे ते क्लोपिडोग्रेलवाल्यांनी पाहायचं. टिकाग्रेलॉरवाल्यांनी पाहायचं ते क्लॅरिथ्रोमायसिन, कारण त्याने टिकाग्रेलॉरचं रक्तातलं प्रमाण फार वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका येतो. ही जोडी वर्ज्य आहे. त्याच क्लॅरिथ्रोमायसिनने ॲटोरव्हास्टॅटिनचं प्रमाण वाढून स्नायू दुखावतात, आणि डॉमपेरिडोन सोबत असेल तर ठोक्यांचा धोका वाढतो. पोटाच्या डॉक्टरांना किट लिहिण्याआधी हृदयाची पूर्ण यादी दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिन नसलेले पर्याय त्यांच्याकडे असतात.

बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल आणि नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन हीसुद्धा सीवायपी २सी१९ अडवणारी औषधं. यातलं काही चालू असेल तर सांगा. मधुमेहाची रेपाग्लिनाइड घेणाऱ्यांनी वेगळं ध्यानात ठेवावं. क्लोपिडोग्रेल तिचा परिणाम वाढवते आणि साखर एकदम उतरू शकते.

कधी थांबायचं नाही, थेट निघायचं

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास येणारी शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. उभं राहिल्यावर अंधारी, घाम, दम लागणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि गोळ्यांचा ताट सोबत न्या.

आणि छातीतली जळजळ. स्टेंट असलेल्या माणसाला घाम फुटून, जबडा किंवा डाव्या हातात कळ येऊन, श्वास अडकून 'गॅस' झाला असेल तर इनो देऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळचं हृदयाचं रुग्णालय, जे लवकर गाठता येईल ते. टिकाग्रेलॉरने काहींना नुसताच थोडा दम लागतो, तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, पण तो निर्णय डॉक्टरांनी करायचा.

किती दिवस, आणि नंतर काय

हार्ट अटॅकनंतर स्टेंट पडला असेल तर दोन प्लेटलेटच्या गोळ्या साधारण १२ महिने, अटॅक न येता ठरवून टाकला असेल तर पुष्कळदा ६ महिने चालतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत कमी. तुमची तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या. दात काढायचा असेल, मोतीबिंदू करायचा असेल, तरी त्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नका.

पोटाच्या गोळीची तारीखही विचारा. ही कुणी विचारत नाही आणि पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालत राहतं. फार काळ चालल्यास मॅग्नेशियम आणि बी १२ उतरू शकतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी मधुमेहींनी बी १२ तपासून घ्यावं. थांबवताना दोन-तीन आठवडे ॲसिड उसळी मारतं आणि जुनाच त्रास परत आला असं वाटतं. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात, मधल्या काळात फॅमोटिडीन देतात. पासष्टीच्या पुढच्यांना, आधी अल्सर झालेल्यांना किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यांना ही गोळी ॲस्पिरिन असेपर्यंत चालू ठेवावी लागू शकते.

वर्ष झाल्यावर बहुतेकांची क्लोपिडोग्रेल थांबते आणि ॲस्पिरिन राहते. काहींची मात्र ॲस्पिरिन थांबवून एकटी क्लोपिडोग्रेल चालू ठेवतात. तुम्ही त्या दुसऱ्या गटात असाल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोलचा नियम तुम्हाला पुढेही तसाच लागू राहील.